लावरी हलत नाही

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आमचं पोस्टिंग नगरला होतं. मी रणगाड्यावर गनर, गाव श्रीरामपूर. ड्रायव्हर नामदेव, पाथर्डीकडच्या मेंढपाळाचा मुलगा. पहाटे पीटी, मग गाडीची देखभाल, दुपारभर रेंजवर धूळ खाणे, असा दिवस जायचा.

एकदा रणगाडा लपवायचा सराव होता. आम्ही हौसेनं कडुलिंबाच्या फांद्या तोडून गाडी हिरवीगार सजवली. सुभेदारसाहेबांनी लांबूनच ओळखलं. "सूखे मैदान में नीम कहाँ से आया?" सगळ्या ट्रूपनं आमची यथेच्छ टर उडवली.

पुढच्या खेपेला नामदेवनं मुरूम पाण्यात कालवून गाडीला फासला, वर वाळलेलं गवत. मग मला माळावर नेऊन बोट दाखवलं. मला काही दिसेना.

"दगडाजवळ बघ. लावरी हाय."

पायापासून हातभरावर मातकट पाखरू बसलं होतं. डोळा तेवढा चमकत होता.

"हिला उडता येत नाही का?" मी विचारलं.

"येतं की. पन मातीचा रंग घिऊन आलीय, तर बसून ऱ्हायची. हाल्ली की ससाण्यानं नेलीच."

त्या दिवशी आम्ही कुणालाच सापडलो नाही.

डिसेंबरात आम्ही सीमेवर होतो. तिथं उसाचं रान. मुरूम धुऊन टाकला आणि उसाच्या पाल्यानं गाडी झाकली. मी आणखी पाला कापायला उतरलो तेवढ्यात विमानं आली. वायरलेसवरचा हुकूम कमांडरनं वरून ओरडून सांगितला, "कोई नहीं हिलेगा!"

स्फोट झाला आणि माझी मांडी फाटली. मी उघड्या बांधावर पडलो होतो. एक विमान वळून परत येत होतं.

"नाम्या, हलू नको!" मी ओरडलो.

तो गाडीच्या झाकणातून बाहेर आला आणि सरळ माझ्याकडे पळत सुटला. मला ओढून उसाच्या सरीत लोटलं. विमानाला गाडी दिसलीच नाही, नामदेव दिसला. तो जागीच गेला.

पुढच्या वर्षी, दुष्काळात, मला इन्स्ट्रक्टर म्हणून पुन्हा नगर मिळालं. रेंजवर गेलो की नामदेवची फार आठवण यायची. वाटायचं, आत्ता मागून हाक मारेल. पहिल्या सुट्टीला एसटीनं त्याच्या गावी गेलो. मेंढरं चाऱ्यासाठी लांब गेली होती, आई एकटीच होती. मी नाव सांगितलं.

तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. "तूच का त्यो? चालतोस न्हवं?"

"चालतो, आई."

"मंग चालून दाव."

मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. पाय थोडा ओढत होता.

"आनी एकदा," ती म्हणाली.