चादरीखालची भाकरी

शेंगदाण्याची चटणी कुटल्याचा वास आला की मला ती दुपार आठवते. आमच्या इंग्रजी शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता. त्यात मडमबाईंसारखं सडपातळ दिसावं म्हणून मी घरात जाहीर केलं होतं की फोटो होईपर्यंत फक्त चहा आणि टोस्ट खाणार. "बघू, आमची मडम किती टिकते!" वडील हसले होते, त्यामुळे आता माघार घेणं शक्यच नव्हतं. पण आदल्या दुपारी भुकेनं डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. सगळे झोपलेले पाहून मी फडताळातली तीळ लावलेली कडक भाकरी काढली, आवाज होऊ नये म्हणून डोक्यावरून जाड चादर ओढली आणि आत ती मोडली. मडकं फुटावं तसा आवाज झाला! शेजारी झोपलेल्या आत्यानं चादरीचं टोक उचलून पाहिलं. "काय गं फुटलं?" पलीकडच्या खोलीतून वडील ओरडले. "काही नाही रे, मांजर आहे," आत्या म्हणाली. "मांजर भाकरी मोडतंय?" "इंग्रजी शाळेतलं आहे की, लई भुकेलंय!" मग तिनं दही आणि चटणी चादरीखाली सरकवली आणि कुजबुजली, "पोट भरलं की थांब, पण भरल्याशिवाय उठू नकोस." दुसऱ्या दिवशी मी भाकरी खाऊनच फोटोला गेले. त्या फोटोत सगळ्या मुली मोकळं हसताहेत, माझेच ओठ घट्ट मिटलेले आहेत. पाहणारे आजही म्हणतात, किती लाजाळू मुलगी! दातात तीळ अडकला होता हे कशाला सांगायचं?