नवं घे, जुनं दे

सांगलीच्या बाजारात जुने कपडे विकायला एक मावशी बसायच्या. घरोघर भांडी देऊन त्यांच्या बदल्यात कपडे आणायच्या, धुऊन, इस्त्री करून ताडपत्रीवर मांडायच्या. कुठलाही कपडा गिऱ्हाइकाला आधी उलटा करून दाखवायच्या. म्हणायच्या, "वरनं समदीच बरी दिसत्यात."

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडून कॉर्डरॉयचा एक जुना कोट घेत होतो. तेवढ्यात समोरच्या दुकानावर बीजेची चंद्रकोर दिसली. आमच्याकडे ती दिसली, की अंगावरच्या कपड्याचा दोरा काढून चंद्राला वाहतात आणि 'जुनं घे, नवं दे' म्हणतात. मावशींनीही पदराचा दोरा ओढला, फुंकर मारून सोडला आणि पुटपुटल्या, "चांदोबा, नवं घे, जुनं दे."

"मावशी, उलटं म्हणालात की!"

"मला उलटंच म्हनायला लागतंय. आताची कापडं जुनी व्हायच्या आदीच फाटत्यात. मग मी इकू काय?"

पुढच्या बीजेला मी तोच कोट घालून गच्चीवर गेलो. बाहीचा दोरा ओढला आणि तसाच उभा राहिलो. कोट अंगात इतका झकास बसला होता, की 'नवं दे' म्हणायला जीभच रेटेना.