रविवारचं विमान

गौस शिकलगाराच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते काढणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही. कोल्हापुरात रेडिओ दुरुस्तीचं बरं चाललेलं दुकान, खिशात हॅमचा, म्हणजे हौशी बिनतारीवाल्याचा, सरकारी परवाना. दुसरा कुणी गप तांबडा-पांढरा रस्सा ओरपून सुखात राहिला असता. ह्या गड्यानं ऐंशी सालानंतर मायक्रोवेव्ह लहरींचा नाद धरला. उद्यमनगरातून पत्र्याची अँटेना-तबकडी ठोकून आणली, गच्चीवर बसवली आणि चंदगडच्या कृष्णात मास्तराशी बोलायचं ठरवलं. मास्तरही तसलाच येडा हॅम, गौसचा जिवाभावाचा दोस्त.

अडचण अशी, की ह्या लहरी सरळ जातात आणि मध्ये डोंगर आडवा. गौस म्हणायचा, गोव्याकडं जाणाऱ्या दुपारच्या विमानावर त्या आपटवू, म्हणजे विमानाच्या पोटावरून डोंगरापलीकडं उतरतील. दर रविवारी विमानाच्या वेळेला मास्तरानं तिकडून खूण पाठवायची, दोन आखूड, एक लांब. ह्यानं इकडं कान लावून बसायचं.

कित्येक महिने नुसती खरखर. आज विमान काय म्हणालं, असं गल्ली विचारायला लागली. शेवटी चिडून गौसनं सांगून टाकलं, रमजान ईदेपर्यंत आवाज आला नाही तर तबकडी भंगारात. आणि ईदेच्या आधीच्या रविवारी खूण आली की! अगदी खणखणीत. गौस गच्चीवर नाचला. त्याच्या बायकोनं, नजीरानं, ईदेला गल्लीभर शिरखुर्मा वाटला. मग दर रविवारी खूण येत राहिली. तिच्याच आधारानं गौसनं तबकडी नेमकी वळवून बसवली, संच सुधारला. बेंगलोरची हॅम मंडळी बघायला यायची ठरली. जन्मात पहिल्यांदा माणसं त्याला मान देत होती.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी खूण वेळेवर आली. गौस खुशीत चहा पीत बसला, आणि अर्ध्या तासानं ढगाआडून विमानाची घरघर ऐकू आली. विमान आज उशिरा होतं. त्या वेळेला दुसरं विमानच नव्हतं. खुणेच्या वेळेला आभाळ रिकामं होतं, मग खूण आली कशावरून?

त्यानं मास्तराला तातडीनं बोलावून घेतलं. पुढच्या रविवारी दुपारी मास्तर समोर येऊन बसला आणि मान खाली घालून सगळं ओकला. ईदेआधीच्या त्या रविवारपासून तो नवा संच घेऊन डोंगराच्या माथ्यावर, तवंदीच्या घाटात यायचा. तिथनं कोल्हापूर सरळ दिसतं, विमान लागतंय कशाला!

"तुझं तोंड बघवंना झालतं, गौसभाई. ईद गोड व्हावी म्हणून एकदाच केलं. मग थांबायचं कसं?"

बेंगलोरच्या लोकांना आता गौसनं काय थोबाड दाखवायचं? संच कायमचा बंद करायला तो उठला. तेवढ्यात वरून घरघर आली, आणि सुधारलेल्या संचाच्या खरखरीतून बारीक, कापरा आवाज उमटला. दोन आखूड, एक लांब. नवशिक्या हाताची, अडखळती खूण. विमान पुढं गेलं तसा आवाज विरत गेला.

गौसनं मास्तराकडं बघितलं. मास्तराचे दोन्ही हात मांडीवर होते आणि चेहरा पांढराफटक.

"अंजना," तो पुटपुटला. अंजना म्हणजे त्याची बायको. तिला तो शाळेच्या कामाला जातो म्हणून सांगायचा. गौसभाऊ उगंच वाट बघत बसतील, तुमच्या बदली मी दाबते बटन, असं ती दर रविवारी म्हणायची. घरचा जुना संच तिच्या हाती देऊन मास्तर पोरखेळ समजून निघून यायचा.

गौस परत संचापुढं बसला. त्याचे डोळे भरले, आणि रागानं आवाजही चढला.

"मास्तर, माझं खरं झालतं. वरीसभर ती खरं पाठवत हुती, आणि तू घाटात बसून बोंबलून तिचा आवाज दाबत हुतास."

नजीरानं दोघांपुढं पाण्याचे तांबे ठेवले, ते तसेच राहिले.