अप्पांनी ऐकलेली हाक

इथले अनुभव मी कितीतरी दिवस नुसतेच वाचतेय. लिहायला धजत नव्हते, कारण आमचं घर असल्या गोष्टींना हसणारं... उदबत्तीसुद्धा आमच्याकडे डासांसाठीच लागायची. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

१९९७चा जानेवारी. आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. अप्पा – म्हणजे माझे वडील – सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पंचवीस वर्षं त्या धाडधाड आवाजात काढली आणि कान गेले. अगदी कानाशी ओरडलं तर थोडंफार कळायचं. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, पण त्यात नुसती खरखर येते म्हणून ते कपाटात पडून असायचं. हळूहळू त्यांनी माणसांत जाणंच सोडलं. घरात आम्ही कशावर हसलो की तेही उगाच हसायचे... ते बघून आई उठून आत जायची.

त्या रविवारी सकाळी दादा मित्राची मारुती व्हॅन घेऊन आला आणि म्हणाला, चला, सापुताऱ्याला जाऊ. आधी काही ठरलेलं नव्हतं. आईने घाईघाईत तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. माझ्या डोक्यात फक्त तलावातलं बोटिंग! अप्पा नको नको म्हणत होते, दादाने त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं.

वणी सोडलं आणि धुकं लागलं. बोरगावच्या अलीकडे तर समोरचा रस्ताही दिसेना. दादा अगदी सावकाश चालवत होता, टेप चालू होता. एकदम अप्पांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांबव गाडी. कुणी बाई हाका मारतेय."

दादाने गाडी बाजूला घेतली, टेप बंद केला. आम्ही काचा उघडून कान दिले. काही नाही. पाखरूही ओरडत नव्हतं. आईने खुणेनेच विचारलं, कुठे? तर अप्पा चिडले.

"तुम्हाला ऐकू येत नाहीये? आये, आये म्हणतेय ती."

ज्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती, तो आम्हाला हे विचारत होता. मी आईकडे बघितलं, तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला वाटलं, यांना भास व्हायला लागले.

अप्पा उतरले आणि रस्ता सोडून उताराने सरळ चालू लागले. कुठे थबकणं नाही, इकडेतिकडे बघणं नाही. आम्ही मागे. शे-दीडशे पावलांवर ओहोळ होता. त्याच्या काठी, दगडांत, पन्नाशीची एक बाई पडलेली. पाय मोडलेला, लुगडं ओलं, ओठ निळे पडलेले. जवळच हंडा. डोळे उघडे होते, पण तोंडातून आवाज निघत नव्हता.

दादाने आणि अप्पांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. आईने स्वतःची शाल तिला गुंडाळली आणि वणीपर्यंत तिचे तळवे चोळत बसली. सापुतारा राहिलाच. सगळा दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात काढला, पुऱ्या तिथेच खाल्ल्या.

दुपारी ती जरा बोलायला लागली. नाव हिराबाई. घरचे सगळे दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेलेले, ती एकटीच मागे. म्हणजे तिला शोधायला कुणी येणारच नव्हतं. आईने तिला सांगितलं, तुम्ही हाका मारत होतात म्हणून हे थांबले. ती अप्पांकडे बघतच राहिली.

"मी कुठं वरडले बाई? पडले तवाच गळा धरला, आवाजच निघंना," ती कुजबुजली. "मनातच आयेला बोलवीत व्हते."

अप्पांना काय चाललंय ते कळेना, म्हणून आईने त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं. तीनदा सांगावं लागलं.

पुढच्या आठवड्यात दादा त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासणीत काही फरक नव्हता, उलट डावा कान आणखी गेला होता. डॉक्टर म्हणाले, त्यांना तसं ऐकू येणं शक्यच नाही. आज इतकी वर्षं मी वर्गात मुलांना ध्वनीचा धडा शिकवतेय, आणि दरवेळी मला तो ओहोळ आठवतो.

अप्पा २००६ला गेले. त्याआधी एकदा मी पाटीवर लिहून विचारलं होतं, तो आवाज कसा होता? त्यांनी ते वाचून पाटी मांडीवर उपडी ठेवली.

"स्वच्छ," ते म्हणाले. "तुमचा कुणाचा आवाज मला इतका स्वच्छ कधी आला नाही गं... मग ती हाक आली तर कसा बसून राहणार होतो?"