रेवणसिद्धच्या समोरचं दुकान

औशाच्या बसस्टँडजवळ रेवणसिद्ध अठरा वर्षं मोबाईल दुरुस्त करत होता. हात साफ, जबान गोड. तरी गेल्या दिवाळीला समोर सुकन्यानं तसलंच दुकान टाकलं, आणि तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेना. गिऱ्हाईक गेलं त्याचं एवढं नव्हतं. तिच्या काउंटरवर लोक मोबाईल टाकून खुशाल बाजाराला निघून जात. त्याच्याकडं मात्र काम होईस्तोवर डोळ्यात तेल घालून उभे राहत.

कारण त्याला ठाऊक होतं. नव्या रस्त्यात जमिनी जाणाऱ्यांनी तहसीलवर मोर्चा ठरवला, तेव्हा साध्या कपड्यातला एक पोलीस जमादार त्याच्याकडं चहाला बसू लागला. "दुरुस्तीला आलेल्या मोबाईलातले मेसेज तेवढे उतरवून देत जा," म्हणाला. साहेब आपल्याला नावानं हाक मारतो, याचंच रेवणसिद्धला अप्रूप. त्यानं मोर्चाची जुळवाजुळव करणाऱ्या शिवलिंगच्या मोबाईलातलं सगळं दिलं. मोर्चाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी शिवलिंगला घरातून उचललं, मोर्चाचा दिवस टळल्यावर सोडलं. मेसेज कुठून गेले ते सगळ्यांना समजलं.

सुकन्या त्याच लोकांना मोबाईल आणि मेसेज कुलूपबंद ठेवायला शिकवू लागली. पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच ते वाचता येत नसत. एका दुपारी रेवणसिद्धनंच जमादाराच्या कानावर घातलं, "ती समोरची लोकाला तुमच्यापासून लपायला शिकवायलीय."

जमादार तडक तिच्या दुकानात शिरला. रेवणसिद्ध आपल्या पायरीवरून ऐकत होता.

"शिवलिंगचा मोबाईल हाय ना तुझ्याकडं? उघड."

"कोर्टाचा कागद आणा, साहेब. आन् कागद आणला तरी मला उघडता येत न्हाई. किल्ली त्यांच्यापाशीच ऱ्हाती."

"सरकारसाठी एक वाट ठेवायला काय हुतं?"

"तुमच्यासाठी ठेवलेल्या वाटेनं चोरबी येतो."

मोबाईल जप्त झाला. सुकन्याला संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. तीन दिवस दुकान बंद. रेवणसिद्धनं जास्तीची खुर्ची मांडून ठेवली, पण एक माणूस फिरकला नाही. लोक फुटक्या काचेचे मोबाईल वापरत तिची वाट बघत राहिले. महिन्यानं वकिलानं शिवलिंगचा मोबाईल सोडवून आणला. तो कुणाला उघडताच आला नव्हता.

त्याच दिवशी जेवताना बायको, चंद्रप्रभा म्हणाली, "मीबी सुकन्याकडून मोबाईलला कुलूप घालून आणलं."

"तुला काय लपवायचंय?"

"लपवायचं काई न्हाई. भयनीला चार गोष्टी लिवते, त्या तिच्या न् माज्या. तुमी वाचत हुता का न्हाई, मला काय म्हाईत?"

त्यानं कधीच वाचलं नव्हतं. पण ते तिला पटेल असं सांगायचं तोंड त्याच्याकडं उरलं नव्हतं.

पुढच्या खेपेला जमादार आला तेव्हा रेवणसिद्ध म्हणाला, "माझ्याच्यानं आता हे व्हायचं न्हाई, साहेब." जमादार चहा तसाच ठेवून उठला. नाही म्हणण्यात काही चांगुलपणा नव्हता. सुकन्याला मिळतो तो भरवसा आपल्यालाही मिळावा, एवढीच तळमळ. समोर सुकन्याच्या दुकानात शिवलिंग उभा दिसला, तसा तो रस्ता ओलांडून गेला.

"शिवलिंगभाऊ, तुमचे मेसेज मीच दिले हुते."

"म्हाईत हाय," शिवलिंग म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

सुकन्यानं मात्र स्टूल पुढं सरकवलं. "बसा, रेवणसिद्धभाऊ."

तो बसला. तिच्या या मोठेपणाचाही त्याला हेवा वाटला.