काय नावाचं झाड

आई बेंगळुरूला आली ती दहा दिवसांच्या बोलीवर. बाबा गेल्यापासून ती पुण्यात एकटी, म्हणून तिने कायमचं इथेच राहावं असा घाट मी घातला होता. ती म्हणायची, "तुझ्या बेळ्ळंदूरला माझ्याशी बोलणार कोण?" मी म्हणायचे, "मी आहे की." आणि लॅपटॉप उघडायचे.

आठव्या दिवशी मी हुकमाचा पत्ता काढला: बन्नेरघट्टाचं जंगल. आईचं लहानपण रानाच्या कडेला गेलेलं, झाडांचं तिला वेड. मी झाडं ओळखणारं ॲप घेतलं आणि गाडीत तिला बजावलं, की भाषेची काळजी करू नकोस, दुभाषी मी आहे. माझं कन्नड म्हणजे 'स्वल्प' आणि 'सरी', थोडं आणि बरं. एवढ्या भांडवलावर मी चार वर्षं काढली आहेत.

सोबत एक वयस्कर वाटाडे होते. एका भेगाळलेल्या खोडावर थाप मारून ते म्हणाले, "मत्ती."

"इथली माती चांगली आहे म्हणतायत," मी भाषांतर केलं.

आईने खोड न्याहाळलं आणि त्यांना झाडाचं मराठी नाव सांगितलं, "ऐन." ते म्हणाले, "ऐन." ती म्हणाली, "मत्ती." मग पळसापाशी पळस आणि मुत्तुग, करंजापाशी करंज आणि होंगे. माझं ॲप अजून उघडतच होतं. जंगलात रेंज नव्हती.

पुढे एका झाडाला हिरवी, टणक फळं लागली होती. ते मात्र आईलाही ओळखता येईना. तिने फळाकडे बोट दाखवून विचारलं, "काय?"

"काय," ते मान डोलावत म्हणाले.

"अहो, पण काय?"

"हां अक्का, काय. हण्णु अल्ल."

मी पुढे सरसावले. "आई, या झाडाचं नावच काय आहे." फोटो काढला आणि रेंज येताच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: दुर्मीळ काय वृक्ष. दोन मिनिटांत निपाणीच्या शेजारणीचं उत्तर आलं. "अगं, काय म्हणजे कच्चं फळ. पिकलं की हण्णु."

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले, दुसरं करणार काय. ती खुशीत आहे असं बघून विचारलं, "मग राहतेस ना?"

ती हसायची थांबली. "त्या वाटाड्यांना माझी भाषा येत नाही. तरी दोनदा विचारलं, तर दोनदा उत्तर दिलं. तू आठ दिवस नुसती 'हं' म्हणतेस."

मला राग आला. माझ्या मीटिंगा, माझी डेडलाइन, सगळं तोंडाशी आलं होतं. पण ती म्हणत होती ते खरं होतं आणि मला फार लाज वाटली.

दहाव्या दिवशी तिला देवनहळ्ळीच्या विमानतळावर सोडायला गेले. वाटभर मीच बोलत होते. आई खिडकीबाहेरची झाडं बघत 'हं' म्हणत होती.