भावाची सही आणा

वेतवालीला कोर्टाच्या मागच्या दारावर कुणी अडवत नसे. कोर्टातल्या खुर्च्या वेताच्या आणि त्यांवर बसणारे अंगाने ऐसपैस, त्यामुळे सदानकदा कुठल्या ना कुठल्या खुर्चीचं बूड फाटलेलं असायचंच. बाई वेताच्या पट्ट्या बादलीत भिजवायची, रेकॉर्ड रूमच्या फरशीवर फतकल मारायची आणि भोकाभोकातून पट्टी ओवून, पाचर ठोकून नवं बूड विणून द्यायची. चहूबाजूंनी छतापर्यंत फायली. त्यांतच कुठेतरी तिची स्वतःची होती. हात लांबवला तर लागेल अशी, आणि लावला तर गुन्हा.

पुढच्या दाराने आली की मात्र ती अर्जदार. मग खिडकी, खिडकीला जाळी, जाळीआड कारकून. त्याला सगळे ‘बघू’ म्हणत. दुसरा शब्द त्याच्या तोंडून क्वचितच निघे.

चप्पल उजवी कुठली, डावी कुठली हे कळत नव्हतं अशा वयात तिला याच कोर्टातून दत्तक दिलेलं. घेणारा खुर्च्या विणणारा, भला माणूस. त्याने पोरीला पोटभर जेवण दिलं, हातात कसब दिलं. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाता जात नव्हती. व्हरांड्यातला एक बाक आणि बाकाशेजारी गुडघे फुटलेला एक मुलगा. तो म्हणाला होता, “इथून हलू नकोस, पाणी घेऊन येतो.” तो येण्याआधीच कुणीतरी तिला उचलून नेलं. घरी हे सांगितलं की आई म्हणायची, “कसला मुलगा? स्वप्न पडलं असेल तुला.” मग पोरगीने विचारणं सोडलं. खाल्ल्या घरचे वासे कुणी मोजायचे?

दोघं म्हातारी गेली, तेव्हा तिचे स्वतःचे केस पांढरे झाले होते. आता विचारायला हरकत नव्हती. तो मुलगा खरा होता का, आणि असला तर पाणी घेऊन परत आला का, एवढंच तिला हवं होतं. जमीन नको, जुमला नको.

“देणाऱ्याचं नाव?” बघूने विचारलं.

“तेच तर विचारायला आलेय.”

“फाईल देणाऱ्याच्या नावाने लागते, बाई. घेणाऱ्याच्या नावाने नाही. मुलाच्या नावाने तर नाहीच नाही.”

“कुठल्या शहाण्याने लावली अशी?”

“माझ्या आधीच्याने.”

“आणि त्याला कुणी सांगितलं?”

“त्याच्या आधीच्याने.”

खरं तर त्यामागे कारण होतं. जुन्या काळी मागाहून रडत यायचे ते देणारेच. घेणारे पोर घेऊन जे जायचे ते पुन्हा कोर्टाची पायरी चढत नसत. मग फाईल देणाऱ्याच्या नावाने लावणं सोयीचं. पोरं मोठी होतील, त्यांना तोंडं फुटतील, हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

बापाच्या ट्रंकेत कोर्ट फीची एक पावती होती. तिच्यावरची तारीख घेऊन ती परत गेली. बघूने पावती उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

“तारखेवरून शोधता येईल. पण दाखवायला संमती लागेल. देणाऱ्याची. तो नसेल तर वारसाची.”

“मला भाऊ असला तर तोच वारस ना?”

“मग भावाची सही आणा.”

“भाऊ कोण ते सांगा, आत्ता आणते.”

“ते फाईल उघडल्याशिवाय कसं सांगणार?”

“मग उघडा की!”

“सहीशिवाय?” बघूला खरोखरच धक्का बसला होता.

बाईने त्याला अशा काही शिव्या घातल्या की रांगेतला वकीलसुद्धा डोळे मिटून ऐकत राहिला. पण शिव्यांना शिक्का लागत नाही. अर्ज कपाटात गेला. ती वर्षावर वर्षं खेटे घालत राहिली. मागच्या दाराने गेली की “या मावशी, चहा घ्या”, पुढच्या दाराने गेली की “बघू.”

घरी नवरा म्हणायचा, “अगं, आजवर भावावाचून काही अडलं का?”

“तुमच्या बहिणी येतात, चार दिवस पाय पसरून बसतात, तेव्हा त्यांचे लाड कोण करतं? मीच ना? मग मलाही हवं कुणाच्या तरी घरी जाऊन पाय पसरायला.”

नवऱ्याने पुन्हा विषय काढला नाही.

मग वरच्या मजल्यावरचा कारकून निवृत्त झाला. त्याच्याकडे देणाऱ्यांच्या बाजूचे अर्ज असत, बघूकडे घेणाऱ्यांच्या बाजूचे. दोन मजले, दोन कपाटं, आणि या कपाटाने त्या कपाटाचं तोंड कधी पाहिलेलं नाही. आता दोन्ही कामं एक करून ढिगारे एका नव्या बाईच्या टेबलावर आले. ही बाई आलेला कागद वाचायची. कचेरीत नवी होती, दुसरं काय.

तिने वेतवालीला बोलावलं. “मावशी, तुमच्याच तारखेचा आणखी एक अर्ज आहे. फार जुना. आईने दत्तक दिलेल्या धाकट्या बहिणीचा पत्ता मागितलाय.”

वेतवाली टेबलावर वाकली. “आणि तुम्ही लोकांनी काय केलं त्याचं?”

नवी बाई खाली मान घालून शेरा वाचू लागली. “बहिणीची संमती जोडलेली नाही. अर्ज निकाली.”

म्हणजे वर तो तिची सही शोधत होता आणि खाली ती त्याची. मधे एक जिना.

“नाव सांगा त्याचं.”

“ते नाही सांगता येणार. पण नोटीस काढते. ते आले की समोरासमोर सह्या घेऊ.”

नोटिशीच्या दिवशी वेतवाली धुतलेलं लुगडं नेसून व्हरांड्यात बसली. आली ती एक उंच, हाडकुळी म्हातारी. हातात नोटीस. वेतवालीला नखशिखान्त न्याहाळून म्हणाली, “नाक तेच आहे. वन्सं, उशीर केलात. तुमचे भाऊ जाऊन दोन वर्षं झाली.”

वेतवाली सरकून बसली, तिला शेजारी जागा करून दिली. रडली नाही. “मी कधीची इथेच होते, वहिनी. खालच्या खिडकीवर.”

“आणि ते वरच्या. जोडे झिजवले नुसते. घरी आले की राग माझ्यावर.”

“एक सांगा. ते पाणी घेऊन आले होते का?”

“आले तर! पेला शिपायाच्या टेबलावरून उचललेला. येऊन बघतात तर बाक रिकामा. वर चोर म्हणून शिपायाने कानफटात ठेवून दिली. मरेपर्यंत तो कान पुढे करून सांगायचे.”

मग वहिनीने सासूचं नाव सांगितलं, तेही खणखणीत आवाजात, भर व्हरांड्यात. नवी बाई “अहो, हळू” म्हणेपर्यंत काम झालं होतं. वारसाची सही वहिनीने केली आणि फाईल चहा निवायच्या आत टेबलावर आली.

दोनच पानं. देणाऱ्या आईचा अंगठा, घेणाऱ्या बापाची सही, न्यायाधीशाचा हुकूम. आणि एक ओळ: देणारीस याखेरीज अन्य अपत्य नाही.

नव्या बाईने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. भाऊ नव्हताच. ज्याच्या सहीसाठी वर्षानुवर्षं फाईल बंद राहिली, त्याचा तिच्यात मागमूस नव्हता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

“सासूबाईंनीच तसं लिहून दिलं असेल,” वहिनी म्हणाली. “घेणारे मुलगाही मागतील, ही धास्ती.”

“ते काही असो. हे खोटं आहे. त्याचं नाव घाला.”

“दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल, मावशी,” नवी बाई चाचरत म्हणाली. “त्याला… संबंधित व्यक्तीची सही लागते.”

“मेलाय तो!”

“मग मृत्यूचा दाखला. आणि दोघं एकाच आईची, याचा पुरावा.”

वेतवालीने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पदर खोचून उठलीच होती.

“दाखला घरी आहे, आणते. वन्सं, तुम्ही खिडकी सोडू नका. पुरावा मागितला तर नाक दाखवा.”